भुजेची लांबी

आत्बाशी गावच्या शाळेत शार्शेनने चौतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. त्यातली तरफ तेवढी गावाच्या लक्षात राहिली, आणि तीही बादलीमुळे. 'बल गुणिले भुजा' हे सूत्र लिहिताना जो भुजा विसरे, त्याला शार्शेन फळ्यासमोर उभा करी, हात खांद्याच्या रेषेत ताणायला लावी आणि मुठीत पाण्याची अर्धी बादली देई. हात थरथरू लागला की कोपर वाकवून बादली छातीशी आणायला सांगे. मग विचारी, "कळलं, भुजा कुठे असते ते?" याहून वेगळी व्याख्या कोणाला लागली नाही. आज केस पिकलेले मेंढपाळही बाजारात त्याला पाहून टोपी सावरत आणि नकळत उजवा खांदा चोळत.

निवृत्तीनंतर वर्ग संपला. उरली ती साइडकार जोडलेली जुनी मोटरसायकल. उन्हाळी कुरणावर जायच्या आधी, दर जूनमध्ये, तो तिचा नट न् नट स्वतः तपासून आवळीत असे. मेकॅनिककडे गाडी नेणे त्याला कमीपणाचे वाटे. यंदा मुलाने रशियाहून त्याला टॉर्क पाना पाठवला होता. मुठीजवळ आकडा लावायचा. तेवढा जोर पोचला की पाना टक् असा आवाज करतो आणि माणसाने थांबायचे. मुलाने सोबत एक पट्टीही पाठवली होती. तिच्या एका टोकाला पाना अडकवायचे चौकोनी भोक होते, दुसऱ्या टोकाला नट पकडणारे उघडे तोंड. जिथे नटावर वरून बसणारा गोटी पाना शिरत नाही तिथे ही पट्टी शिरते.

हत्यारे हातात द्यायला सून बुरुल होती. तिच्या बापाचे नारीन शहरात गाड्या दुरुस्तीचे दुकान. लहानपण तिने तिथेच काढलेले. पण सासरी आल्यावर सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही, त्याच्यापुढे चालायचे नाही आणि त्याची चूक काढायची नाही, हे तिला शिकवावे लागले नव्हते.

सिलिंडरचे चार नट होते. तीन सरळ होते. ते शार्शेनने बुरुलकडून आवळून घेतले, तीन वेळा टक् ऐकले आणि मान डोलावली. चौथा नट कार्ब्युरेटरच्या मागे दडलेला. तो त्याने स्वतःकडे घेतला. पट्टी पान्याच्या टोकाला सरळ रेषेत लावली, आकडा आधीचाच, पंचवीस न्यूटन-मीटर, ठेवला आणि गुडघा टेकून बसला.

बुरुल थोडी घुटमळली. सासऱ्याला ती अताके, म्हणजे बाबा, म्हणे. "अताके, ही पट्टी काटकोनात धरली तर…"

"तू पाळण्यात होतीस तेव्हा मी तरफ शिकवत होतो, पोरी. काटकोन भूमितीच्या तासाला. फडकं दे."

तिने फडके दिले. त्याने पाना ओढला. टक् झाले, पण त्याच्या क्षणभर आधी लोण्यात चमचा फिरावा तसे काहीतरी मऊ त्याच्या मनगटाला जाणवले. त्याने बुरुलकडे पाहिले. ती जमिनीकडे पाहत होती. त्याने हात पुसले आणि चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू झाली आणि सिलिंडरच्या बुडाशी तेलाची रेघ उमटली. शेजारच्या एशिमला बोलावणे गेले. त्याचे लेथ होते आणि तो शार्शेनचा विद्यार्थी होता. त्याने कार्ब्युरेटर काढला आणि चौथ्या नटाखालचा स्टड, म्हणजे इंजिनात रुतवलेला आट्यांचा दांडा, दोन बोटांनी उपसून वर धरला. इंजिनाच्या ॲल्युमिनियमचे आटे त्याला तारेसारखे गुंडाळलेले होते.

"हा कोणी आवळला?" एशिमने विचारले.

उत्तर शार्शेनच्या बायकोने, कुलिपाने दिले. पाना सुनेच्या हातात तिने काल खिडकीतून पाहिला होता. तेवढे तिला पुरेसे होते. एशिम हसला. "केलिन, अगं सूनबाई, हात जड आहे तुझा. कणकेला बरा, नटाला नाही."

"बापाच्या दुकानाचा तोरा, दुसरं काय," कुलिपा म्हणाली. "आजपासून हत्यारांना हात लावायचा नाही. रविवारी तुझी आई जेवायला येतेय ना, तिलाच विचारते, हेच शिकवलंत का म्हणून."

बुरुलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शार्शेनच्या हातात चहाची वाटी होती. त्याने ती ओठांना लावली आणि वाटी रिकामी झाल्यावरही बराच वेळ खाली ठेवली नाही.

एशिम जाडा स्टड करायला घरी गेला. अंगण रिकामे झाल्यावर शार्शेनने शाळेतली लाकडी फूटपट्टी आणली आणि पाना मोजला. मुठीपासून टोकापर्यंत पंचवीस सेंटिमीटर; पट्टीची भर दहा. म्हणजे भुजा पस्तीस. पाना पंचवीस सांगून थांबला तेव्हा नटावर पस्तीस पडले होते. पट्टी काटकोनात असती तर भुजा पंचवीसच राहिली असती. सहावीच्या मुलाने सोडवावे असे गणित, आणि त्याचे उत्तर सून त्याला फडक्याआधी देत होती. आकडेमोडीतली चूक त्याने एकवेळ सोसली असती. पण ते मऊ काहीतरी मनगटाला कळूनही तो चहा प्यायला होता, आणि सकाळी पुन्हा प्यायला होता. कुलिपा अजाणता खोटे बोलली; जाणून खोटा होता तो एकटाच, तेही तोंड न उघडता.

दुपारी एशिम नवा स्टड घेऊन आला. त्याने भोक मोठे केले, आटे पाडले, स्टड बसवला. कुलिपा आणि दोन शेजारणी ओट्यावर लोकर विंचरत होत्या; बुरुल एका कडेला बसली होती. शार्शेन विहिरीकडे गेला आणि अर्धी बादली भरून आणली.

"एशिम, भुजा विसरणाऱ्याला मी काय करायचो?"

"बादली, आगाय," शाळेत गुरुजींना म्हणत तसे एशिम हसून म्हणाला. त्याचा हात खांद्याकडे गेला. मग त्याची नजर जमिनीवर पडलेल्या पट्टीवर गेली आणि त्याचे हसू ओसरले.

"चौथा नट मी आवळला," शार्शेन म्हणाला. आवाज ओट्यापर्यंत जाईल इतका त्याने मुद्दाम चढवला होता. "बुरुल सांगत होती. मी तिला गप्प केलं. आणि सकाळी तिच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसलो."

त्याने हात ताणला. सत्तरीतला हात, दहा मोजायच्या आत थरथरला आणि पाणी बुटांवर सांडले. ओट्यावरच्या फण्या थांबल्या. बादली खाली ठेवा, लोक बघताहेत, असे कुलिपा दबक्या आवाजात म्हणाली. एशिमला बादली घेता येईना. गुरूच्या हातातली शिक्षा शिष्याने कशी काढून घ्यावी?

बुरुल उठली. बादलीकडे तिने पाहिलेही नाही. पट्टी उचलली, पान्याला काटकोनात लावली आणि पाना दोन्ही हातांनी सासऱ्यापुढे धरला. तो घ्यायचा तर बादली ठेवणे भाग होते. ही सुटका आहे हे त्याला उमगले, आणि ती आपण कमावलेली नाही हेही.

त्याने बादली ठेवली, पण पाना घेतला नाही.

"तू आवळ."

ती गाडीशी वाकली. टक् असा आवाज आला आणि तिचा हात तिथेच थांबला. शार्शेन आपल्या बुटांवरचे ओले डाग पाहत उभा होता.