कोंडलेली सफरचंदं

वच्छलाबाईंची दोन पेट्या सफरचंदं मी कोंडून मारली. मी तेव्हा तुमसरात विज्ञान शिकवायचो आणि त्यांच्याच घरी भाड्यानं राहायचो, म्हणजे पळायलाही जागा नव्हती.

वच्छलाबाई बाजारात फळं विकायच्या. इतरांची सफरचंदं संपून महिना झाला तरी यांच्याकडची करकरीत असत. मागच्या लहानशा खोलीत भाताच्या तणसावर पेट्या ठेवायच्या. दार उघडण्याआधी फटीला नाक लावून उभ्या राहायच्या. म्हणायच्या, "फळ तोडलं तरी जित्तंच असते, गुरुजी. त्याले दम घेऊ द्या लागते."

त्या फाल्गुनात त्यांच्या लेकीचं, पुष्पाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. मुलाची आई आसगावची. फळवालीच्या घरचं फळ आम्ही कापूनच पाहू, असं ती बजावून गेली होती. त्यासाठी दोन पेट्या राखून बाई आमंत्रणं द्यायला आठ दिवस नाकाडोंगरीकडे गेल्या. किल्ली माझ्याकडे. पहाटे खिडकी उघडायची, ऊन चढलं की लावायची, एवढंच काम. पण परदेशात हवा कमी करून सफरचंदं टिकवतात, असं मी कुठंसं वाचलं होतं. कमी म्हणजे किती, ते पुढच्या पानावर असावं. मी खिडकी, दाराच्या फटी, सगळं चिखलानं लिंपलं आणि रोज उशिरापर्यंत झोपलो.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी बाई परतल्या. दार उघडताच दारूसाठी मोहफुलं भिजत घातल्यासारखा वास आला. त्यांनी एक फळ कापलं. बाहेरून लालबुंद, आत तपकिरी. दुसरंही तसंच.

"काहून कोंडलं जी त्यायले?"

मी ऑक्सिजन कमी करण्याबद्दल सांगू लागलो.

बाई तणसावर बसून एकेक फळ देठाशी हुंगू लागल्या. खिडकीखाली माझं लिंपण तडकून हवा आत येत होती. तिथली अकरा त्यांनी बाजूला काढली. साक्षगंधाच्या ताटाला अकराच लागत होती, त्यामुळे कापून खात्री करण्याची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईनं ताटातलं मधलंच फळ उचललं आणि विळी मागितली. पुष्पा जमिनीकडे पाहत होती, मी दाराकडे. बाई मात्र विळीकडे. फळाचे दोन भाग झाले. पांढरेशुभ्र. तिनं फोड चावली, मान हलवली आणि पुष्पाला कुंकू लावलं.

मुलाच्या वडिलांना मग माझी आठवण झाली. हे गुरुजी शाळेत काय शिकवतात, त्यांनी विचारलं.

"विज्ञान," वच्छलाबाई म्हणाल्या. "तरी पोट्टे पास होऊन राहिले."