मामांनी पेठ दाखवली

आमच्या हिच्या मामांइतका जुन्या पेठेवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतकं मला दमवणाराही. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून रिटायर होऊन ते आमच्या तालुक्याच्या गावी परतले, ते थेट पेठेच्या ड्युटीवरच लागले. रोज सकाळी माझ्या कापडदुकानाचा सागवानी खांब थोपटून विचारायचे, "काय, बरं हाय ना?" मी "हो" म्हटलं की म्हणायचे, "तुम्हाला नाय विचारलं, जावई." कुणी भिंतीत खिळा ठोकला तर कळ यांच्या पोटात! त्यात खरं बोलायची खोड, ती तर विचारूच नका. एका साखरपुड्यात यजमान पाहुण्यांना घराची तुळई पणजोबांच्या वेळची म्हणून दाखवत होते. मामा भर पंगतीतून ओरडले, "नाय हो, मागल्या वर्षी बदलली. मी उभा होतो ना!"

मग रस्ता रुंद करायचं निघालं. दुकानांपुढचे दगडी ओटे तुटणार होते. पेठेची नोंद जुनी वस्ती म्हणून झाली, तरच ते वाचणार होते. मामांनी अर्जांवर अर्ज केले, सह्यांसाठी मलाही उन्हातान्हात हिंडवलं. अखेर नाशिकहून एक साहेब पाहणीला आले. माहिती मामांना सगळ्यात जास्त, म्हणून आम्ही त्यांनाच पुढे केलं. तिथंच आमचं चुकलं.

साहेब एका नक्षीदार खांबापाशी थांबून "वा!" म्हणाले. मामा म्हणाले, "हा नवा हाय, साहेब. अंबडच्या कारखान्यात मशीनवर कोरलाय." पुढची महिरप? "प्लायवूड." त्यापुढचा सज्जा? "लोखंडी, वरनं रंग दिलाय." मी मागून त्यांचा शर्ट ओढतोय, ओढतोय, पण छे! नोंद झाली नाही.

मी आठ दिवस मामांशी बोललो नाही. ओटे तुटायच्या आदल्या संध्याकाळी ते आपणहून माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"मामा, जरा गप्प राहिला असता तर काय बिघडलं असतं हो?" मी विचारलं.

"खोटं बोलून वाचवला असता, तर मला यावर बसवलं नसतं, जावई."

मी शेजारी बसलो. दगड अजून उन्हानं कोमट होता. मामा त्यावरून हात फिरवत राहिले.

"हा मात्र खरा जुना हाय," ते हळूच म्हणाले. "साहेबांना तेही सांगितलं मी. पण तोवर ते गाडीत बसले होते."