दोन किलोमीटरनंतरचा थांबा

मी घर सोडलं त्या पहाटे आप्पांनी माझी सुटकेस मोटरसायकलच्या मागच्या कॅरियरवर बांधली. एरवी त्या जागी द्रव नत्राचं भांडं असे. माझे वडील, आप्पा, जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या अतिथंड नत्रात ठेवाव्या लागतात, त्याचं जाड, दुधाच्या किटलीसारखं भांडं मागे बांधून ते आटपाडीच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर हिंडत. ते भांडं कलंडलं तर नत्र सांडून जायचा आणि दिवसभराचं काम फुकट. त्यामुळे बांधणं ही आप्पांच्या दृष्टीने हलक्यात घेण्याची बाब कधीच नव्हती. सायकलच्या ट्यूबचे दोन पट्टे एकमेकांना छेद देऊन, त्यावरून सुती दोर, आणि शेवटी तळहाताने दोन थापा. माझ्या सुटकेसलाही त्यांनी तोच मान दिला.

आई दारात उभी होती. "पोचलीस की फोन कर," ती म्हणाली, आणि मग, गाडी सुरू झाल्यावर, "चार वर्षं म्हणालीयेस, मी मोजणार आहे."

आमच्या गावापासून आटपाडीचा स्टँड आठ किलोमीटर. पुण्याची एसटी साडेसहाची. दोन किलोमीटरवर ओढ्याचा पूल लागतो, तो ओलांडला आणि आप्पांनी गाडी थांबवली. मी घड्याळ पाहिलं.

"आप्पा, उशीर होईल. मी आत्ताच पाहिलंय, घट्ट आहे."

"घरी घट्टच असतंय," ते खाली उतरत म्हणाले. "खरं काय ते रस्त्यावर कळतंय."

त्यांनी दोर दोन बोटांनी ओढून पाहिला, सोडला, पुन्हा आवळला. जेमतेम एक मिनिट गेलं असेल. एसटी मिळाली, विमानही मिळालं. पण त्या एका मिनिटाचा राग मी अबुधाबीपर्यंत बरोबर नेला. चोवीस वर्षांची, रसायनशास्त्रात एम. एस्सी. झालेली, पहिल्या नोकरीला निघालेली मुलगी. तिला तपासून झालेली गोष्ट पुन्हा तपासणं म्हणजे अविश्वास वाटत होता.

पहिल्या दिवशी सगळ्यांचे फोन आले: आईचा, मावशीचा, कॉलेजच्या मैत्रिणींचा. सगळ्यांना मी सांगितलं की सगळं छान आहे, आणि ते खोटं नव्हतं. आप्पा मात्र फोनवर आले नाहीत. त्यांचा फोन आला तो एकोणिसाव्या दिवशी. "आता बसलं असेल सगळं जागेवर," ते म्हणाले. "आता सांग, कुठं सैल झालंय?"

मी बोलले ते अर्धा तास. चार जणींच्या फ्लॅटमध्ये मी उभ्यानेच जेवते, कारण टेबलाला खुर्च्या तीनच आहेत. एसीच्या आवाजाने झोप लागत नाही. ऑफिसात माझ्या आडनावाचे पाच उच्चार होतात आणि मी पाचही ऐकून घेते. आप्पांनी मध्ये एकदाही "सवय होईल" म्हटलं नाही. शेवटी म्हणाले, "आधी एक खुर्ची घे. बाकीचं पुढच्या महिन्यात बघू."

मी खुर्ची घेतली. परदेशातला माझा संसार तिथून सुरू झाला. नंतर स्वतंत्र खोली घेतली, आणि तिसऱ्या वर्षी, दुसऱ्या प्रयत्नात परवाना मिळाल्यावर, एक दीडशे सीसीची जुनी मोटरसायकल. आईला ती पसंत नव्हती. परत यायचंय तर गाडी कशाला, हा तिचा प्रश्न तर्काला धरून होता. आप्पांनी फक्त इंजिनाचा आवाज ऐकवायला सांगितला. फोन गाडीजवळ धरला तशी आटपाडीहून निदान आलं: "चेन सैल आहे." चेन खरोखरच सैल होती.

ती ताणून घ्यायला मी अबुधाबीच्या औद्योगिक भागात, मुसफ्फाच्या एका गॅरेजमध्ये गेले आणि तिथे हसनचाचा भेटले. दापोलीकडचे; तीस वर्षं इथे, त्या गॅरेजचे फोरमन. मी आईशी फोनवर बोलत होते ते ऐकून त्यांनी गाडीखालूनच विचारलं, "काय गो, खयची तू?" मी आटपाडी म्हटल्यावर बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "म्हणजे पाणी नाय थयची." त्यानंतर माझ्या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही. ईदला त्यांच्याकडे जेवण, दिवाळीला माझ्याकडचे बिघडलेले चकलीचे तुकडे त्यांच्याकडे; हा व्यवहार तीन वर्षं विनातक्रार चालला. त्यांची नात मराठी समजते आणि इंग्रजीत उत्तर देते. चाचा तिला मराठीत रागावतात, ती इंग्रजीत माफी मागते, आणि दोघांचं उत्तम चालतं.

गेल्या वर्षी डोंगरापलीकडच्या फुजैरा बंदरातल्या एका तेल-टर्मिनलच्या प्रयोगशाळेत मला वरची जागा मिळाली. जहाजांना पुरवल्या जाणाऱ्या इंधनाचे नमुने तपासायचे, त्यातलं गंधक, घनता, चिकटपणा पाहायचा आणि सही करायची. ती सही आता माझी असणार होती. आईची चार वर्षं तोवर उलटून गेली होती, आणि मी होकार कळवला तेव्हा तिने ती मोजून दाखवली. मग म्हणाली, "तिथं खुर्च्या आहेत का बघ."

आणि त्याच आठवड्यात आप्पांनी इथे येण्याचं कबूल केलं. निवृत्त झाल्यापासून गुडघ्यामुळे त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं. स्वतःची मोटरसायकल पुतण्याला दिली होती. सहा वर्षं मी बोलावत होते आणि ते टाळत होते. आता म्हणाले, "येतो. पण मला टॅक्सीत घालून मॉल दाखवू नकोस. उभ्या जन्मात मी कुणाच्या मागं बसलेलो नाही. तुझ्या गाडीवर मागं बसून समुद्र बघीन." व्हिसा फेब्रुवारीचा ठरला. त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

म्हणजे गाडी फुजैराला धडपणे पोचायलाच हवी होती. चालवत नेणं मी बाद केलं. दीडशे सीसीची गाडी, तीन तासांचा महामार्ग आणि शेजारून सुटणारे ट्रेलर, हे समीकरण माझ्या बाजूचं नव्हतं. सहकारी म्हणाले, विकून टाक, तिथे दुसरी घे. पण आप्पा जिच्या चेनचा आवाज ओळखत होते ती हीच होती. मी गाड्या लादून नेणाऱ्या रिकव्हरी गाडीचा भाव काढला तर हसनचाचा खवळले.

"सहाशे दिरहम? म्हणजे रुपये किती झाले ते?"

"चौदा हजार होतात, चाचा."

"चौदा हजारात आमच्या गावात आख्खी गाडी येल! वेडी का काय तू? माज्या पजेरोला हिच हाय. कॅरियर गॅरेजातला आणतो. शनिवारी सकाळी निगू. खलास."

हिच म्हणजे गाडीच्या मागे, चासीला जोडलेली चौकोनी पोलादी खोबण. तिच्यात कॅरियरचा दांडा सरकवून पिन मारायची. मग गाडीच्या रुंदीत आडवी येणारी एक लोखंडी पन्हळ तयार होते, जिच्यात मोटरसायकलची दोन्ही चाकं बसतात. सगळा भार त्या एका दांड्यावर. हे कळल्यावर मी अर्थातच कागद काढला. मोटरसायकलचं पेट्रोलसकट वजन, कॅरियरचं स्वतःचं वजन, हिचची क्षमता, पट्ट्यांची क्षमता, मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाणार नाही याची सोय. एकूण तेवीस मुद्दे. पेट्रोल जवळजवळ रिकामं केलं. पुस्तकांची खोकी मागच्या डिकीतून काढून मधल्या सीटवर ठेवली, कारण मागच्या चाकांच्याही मागे इतकं वजन लोंबकळलं की पुढची चाकं हलकी होतात. चाचांनी हे सगळं कमरेवर हात ठेवून पाहिलं.

"चंद्रावर न्याची हाय काय गो गाडी?"

"चाचा, प्लीज. एकविसावा मुद्दा."

हँडलच्या दोन्ही बाजूंनी खटक्याने आवळत जाणारे नवेकोरे रॅचेटचे पट्टे खाली ओढले, पुढचा शॉकअप निम्मा दबेपर्यंत आवळले. गाडी हलवून पाहिली तर पजेरोच हलली. तेविसाव्या मुद्द्यावर खूण केली, कागद घडी घालून खिशात ठेवला. चाचा "यल्ला, बिस्मिल्ला" म्हणाले आणि आम्ही निघालो. मी मागच्या काचेतून गाडीकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्यामागून येत होती.

मोठ्या रस्त्याला लागण्याआधी एक पेट्रोल पंप आला. चाचांनी इंडिकेटर दिला.

"पेट्रोल आहे की, चाचा."

"पेट्रोल नको. बांदलेला बगूया."

"चाचा, मी आत्ताच पाहिलंय, घट्ट आहे."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला ते ऐकू आलं. तोच सूर, तीच घाई, सहा वर्षांपूर्वीची. फक्त ओढ्याचा पूल नव्हता. मी खाली उतरले.

डावा पट्टा सैल होता. चार बोटं सहज आत जात होती. तो सुटला नव्हता. नव्या पट्ट्याचं कापड ताणलं गेलं होतं, वाटेतल्या गतिरोधकांवर शॉकअप खाली-वर होऊन टायर पन्हळीत आणखी खाली बसलं होतं, आणि त्या थोड्याशा फरकात गाडी उजवीकडे कलली होती. पुढच्या चाकाची कड पन्हळीच्या काठावर आली होती. एकशेवीसच्या वेगाने तिचं काय झालं असतं याचं गणित मी तिथे उभ्या उभ्या केलं. गाडी रस्त्यावर पडली असती, मागून कोणी येत असतं. आप्पा, फेब्रुवारी, समुद्र, सगळं नंतर. आधी मागून येणारा तो अनोळखी माणूस.

आणि गंमत म्हणजे मला हे ठाऊक होतं. प्रयोगशाळेत नळीच्या जोडात नवी गॅस्केट बसवली की पहिल्या वापरानंतर बोल्ट पुन्हा आवळायचे, हे मी दोन मुलींना शिकवलं होतं. तेवीस मुद्दे मी लिहिले ते सगळे उभ्या गाडीचे होते.

चाचा रागावले नाहीत. वडिलांच्या मचव्यावर लहानपणी त्यांनी जाळी बांधलेली; एवढंच म्हणाले, "बंदरात बांदलेला आनि खाडीच्या तोंडाशी बांदलेला, दोन येगळे असतात." आम्ही चाक पन्हळीत घेतलं, पट्टे आवळले, टोकं गाठ मारून बसवली. मग त्यांनी हात पुढे केला.

"आण तुजा तो कागद. ह्या लिवलंस काय त्यात?"

"नाही."

"मंग लिव. चोवीस नंबर."

पजेरोच्या बॉनेटवर कागद ठेवून मी लिहिलं: दोन किलोमीटरनंतर थांबून पुन्हा पाहणे. पुढे पट्टे पाहायला आम्ही आणखी दोनदा थांबलो, दोन्ही वेळा पट्टे जागच्या जागी होते. तिसऱ्यांदा थांबलो ते डोंगर सुरू झाल्यावर, तेव्हा चाचांना फक्त चहा हवा होता. दुपारी गाडी माझ्या नव्या इमारतीच्या सावलीत उतरली. एक ओरखडाही नव्हता. चाचा जेवायला थांबले नाहीत. उजेडात घाट उतरायचा होता त्यांना. पोचल्यावर त्यांचा फोन आला नाही. आला तो तिसऱ्या आठवड्यात, कामाच्या मधोमध: "काय गो पोरी, पट्टे कसे हायत?" मला माहीत होतं ते कशाबद्दल विचारत होते. नव्या जागी मला एकटं वाटतंय, हे मी त्यांना प्रयोगशाळेच्या जिन्यात उभं राहून सांगितलं. "इन्शाल्ला, शुक्रवारी तुज्या चाचीला घेऊन येतो," ते म्हणाले, आणि आले.

तुमच्यापैकी जे तिकडे राहिले आणि जे माझ्यासारखे निघाले, त्या दोघांनाही हे सांगावंसं वाटलं म्हणून लिहायला बसले. घर कुठे आहे, असं मला इथे अधूनमधून विचारतात, आणि पूर्वी मी गावाचं नाव सांगून मोकळी होत असे. आता मला वाटतं की निरोप देणारे पुष्कळ असतात आणि तेही मोलाचे. पण आपण निघालो, थोडं अंतर गेलो, घट्ट बांधलेलं हळूच सैल होऊ लागलं, आणि नेमकं तेव्हा ज्याला थांबून विचारावंसं वाटतं तो जिथे असेल, तिथे माझं घर आहे. ते आटपाडीला आहे. ते मुसफ्फाच्या एका गॅरेजमध्येही आहे. मला दोन मिळाली. माझ्या पात्रतेपेक्षा हे जास्तच झालं.

आप्पा फेब्रुवारीत आले. पहिल्याच सकाळी गाडीभोवती एक फेरी मारली, चेन बोटाने उचलून पाहिली आणि मान डोलावली. गुडघा सांभाळत मागे बसले. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. आधी मागच्या कडीला धरलं, मग माझ्या खांद्याला. समुद्र पाच किलोमीटरवर होता. मी दोन किलोमीटरवर, चौकापलीकडे, गाडी कडेला घेतली.

"काय झालं?"

"काही नाही. तुमचा हेल्मेटचा पट्टा बघते."

"आत्ताच तर बघितलास घरी," आप्पा वैतागून म्हणाले. "घट्ट आहे."

"घरी घट्टच असतंय, आप्पा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हनुवटी वर केली.