पेन्सिलीनं लिहिलेली पाकिटं

परवा अकोल्याहून आणलेल्या तीन रेकॉर्डी टेबलावर ठेवल्या आहेत आणि त्यांचा वास खोलीभर झाला आहे. जुन्या पुठ्ठ्याचा, डांबराच्या गोळ्यांचा, आणि त्या दोन्हींच्या खाली दबलेला एक तिसरा वास, जो मी डोळे मिटूनही ओळखते. कूलरच्या ओल्या वाळ्याचा. पुठ्ठा ओल पितो आणि मग वर्षानुवर्षं ती विसरत नाही. बाहेर अमरावतीचा मे महिना आहे. भर दुपारी समोरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. माझा कूलर धडधडतो आहे आणि मी एकेक कव्हर उचलून नाकाशी नेते, परत ठेवते. रेकॉर्ड बाहेर काढून लावायची घाई मला कधीच नसते. मला आधी आतलं कागदी पाकीट पाहायचं असतं.

या तीन धरून चौतीस झाल्या. ऑफिसात कोणी विचारलंच तर मी ‘छंद आहे’ म्हणते आणि विषय बदलते. खरं म्हणजे या संग्रहात आवडनिवड अशी नाहीच. ठुमरी आहे, शहनाई आहे, नाट्यपदं आहेत, कुठल्याशा परदेशी वाद्यवृंदाची एक जाडजूड रेकॉर्ड आहे. या सगळ्यांत साम्य एकच. प्रत्येकीच्या आतल्या पाकिटावर पेन्सिलीनं, डावीकडे झुकलेल्या बारीक अक्षरात, काहीतरी लिहिलेलं आहे. ते अक्षर माझ्या मोठ्या मामांचं. अकोल्याचा जुन्या सामानाचा दुकानदार पहिल्या दोन-तीन खेपांना गोंधळला होता. “मॅडम, दुनिया कोऱ्या मांगते,” तो म्हणाला, “तुमाले लिहेल असलेल्याच काहून पाह्यजेत?” मी म्हटलं, “अशाच हव्यात.” तो हसला. “शौक रायते एकेकाले.” आता तो माझ्यासाठी लिहिलेल्या रेकॉर्डी बाजूला काढून ठेवतो. एक रेकॉर्ड अचलपूरला निघाली. तिथले गृहस्थ मोठे टापटिपीचे. त्यांनी खोडरबर घेऊन पाकीट स्वच्छ करायला सुरुवात केली होती, आणि मी पोचले तेव्हा अर्धं झालंही होतं.  उरलेलं अर्धं घेऊन बसनं परत आले.

मामा अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, ग्रेडर होते. गाड्या फाटकातून आत आल्या की ढिगातून मूठभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, तुटतो कुठे ते पाहायचं आणि प्रत ठरवायची. नमुना कागदात गुंडाळून त्या कागदावर पेन्सिलीनं दोन शब्द लिहायचे. हीच सवय घरी आली. गाणं ऐकून झालं की रेकॉर्डच्या पाकिटावर दोन शब्द. मी लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर जिनिंगमध्ये गेले होते तेव्हा काही कागदांच्या कोपऱ्यात फुली दिसली. हा कापूस वाईट आहे का, असं मी विचारलं. “वाईट कापसाले फुली नसते, माय,” ते म्हणाले. “पाऊस जास्ती झाला, बोंडअळी लागली, त्यात त्या कापसाचा काय गुन्हा? त्याले कमी प्रत द्याची, बस. फुली कोणाले, तर वजन वाढवाले ज्याच्यावर पानी मारलं त्याले.” मी मान डोलावली. ते मला स्वच्छ कळलं होतं, पण पुढे मला त्याचा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

दर उन्हाळ्यात मला अमरावतीहून महिनाभर अकोल्याला पाठवत. मी बोलत नसे. शाळेत इंग्रजी बोलावं लागे आणि तोंडून एखादं ‘मले’ निसटलं की मुली खिदळत. मामाकडे शेजारची पोरं माझ्या ‘थँक्यू’ला हसत. दोन्हीकडे हसं होण्यापेक्षा गप्प बसणं सोपं होतं, आणि गप्प बसलेल्या मुलीला सगळं दिसतं. मामांना इंग्रजी येत नाही हे मला असंच दिसलं. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला बारीक इंग्रजी मजकूर छापलेला असे आणि ते त्यावरून नुसतं बोट फिरवत असत. एका दुपारी त्यांनी कव्हर माझ्या हातात दिलं. “वाच बरं माय, काय लिहेल हाये. तू तं कान्व्हेंटातली.”

मी अकरा वर्षांची होते. मजकूर रुक्ष होता, कुठला राग कुठल्या प्रहरी, कोणाचं घराणं कोणतं. मी दोन-तीन ओळी सांगितल्या आणि पाहिलं तर मामांचा चेहरा विझत चालला होता. त्यांना वाटलं होतं इतक्या बारीक अक्षरात काहीतरी मोठं लिहिलेलं असणार. मला ते बघवलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण मला कंटाळाही आला होता, तेही खरं. मी म्हणाले, हा गायक लहानपणी तोतरा होता. मामा सरसावून बसले. “अरे वा! आन् मंग?” मग मी सांगत गेले. शहनाईवाल्याचं घर जळलं होतं. सतार वाजवणाऱ्या बाईला नवऱ्यानं सात वर्षं वाद्याला हात लावू दिला नव्हता. प्रत्येक रेकॉर्डला एक गोष्ट, आणि प्रत्येक गोष्ट पाकिटावर पेन्सिलीनं नोंदलेली. जगात माझं बोलणं लिहून घेणारा तो एकच माणूस होता.

सारंगीच्या रेकॉर्डची गोष्ट त्यांच्या सर्वांत आवडीची. रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळीच त्या वादकाची मुलगी वारली होती, तरी तो वाजवायला आला, आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटाकडे त्याचा हुंदका ऐकू येतो. हे मी सहज रचलं नव्हतं. त्या ठिकाणी खरोखरच एक बारीकसा आवाज होता, श्वास अडखळल्यासारखा. तो माझ्या कानांनी आधी टिपला होता आणि मग मी त्याच्या मापाची मुलगी मारली होती. मामांनी ऐकलं, आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले.

रविवारी सकाळी त्यांचे मित्र ऐकायला येत. एक निवृत्त मास्तर, बाजारपेठेतले एक-दोघं, आणि नव्यानं येऊ लागलेले एक वकील. गाणं सुरू होण्याआधी मामा कूलर बंद करत, कारण त्याच्या घरघरीत बारीक सूर बुडतात. अकोल्याच्या मे महिन्यात कूलर बंद करून वीस मिनिटं बसणं म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. पण माणसं बसत. घामानं निथळत, माना हलवत, चहाला नको म्हणत बसत. जिनिंगमध्ये दिवसभर साहेबांच्या पुढे उभा राहणारा माणूस त्या वीस मिनिटांपुरता त्या खोलीचा मालक असे.

त्या रविवारी सारंगी लावली होती. शेवट जवळ आला तसा मामांनी हात वर केला. “आता ऐका. हे पाहा, रडून राहिला तो. पोरगी गेली होती त्याची सकाळीच.”  रेकॉर्ड संपली. वकिलांनी चष्मा लावला, कव्हर उलटं केलं, आणि सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. मी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होते.

“पण इथं तर असं काहीच नाही हो,” ते म्हणाले. “मुलगी नाही, काही नाही. वाद्याची माहिती आहे नुसती. तुम्हाला कोणी सांगितलं हे?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एवढंच मला नीट आठवतं, की त्यांनी मान अजिबात वळवली नाही. “मीच वाचलं वकीलसाहेब,” ते म्हणाले. “मले कुठं येते इंग्रजी? चार शब्द लागले, बाकीचं मनचं जोडलं.”

मास्तर मोठ्यानं हसले. “मनचं जोडलं? म्हंजे दोन वर्सं आमाले उल्लू बनवून राहिला का बे? मी तं घरी जाऊन बायकोले सांगतलं, ते बी रडली!” सगळे हसले. मामाही हसले. कोणीतरी उठून कूलर सुरू केला.

एवढ्यावर ते संपलं असतं. पण पुढच्या रविवारी मामांनी नवी रेकॉर्ड काढली तेव्हा मास्तर म्हणाले, “सांगा ग्रेडरसाहेब, हिच्यात कोण मेलं?” त्याच्या पुढच्या रविवारी दुसऱ्यानं विचारलं, “आज मयत केवढ्याक वयाची?” त्यात कोणाच्या मनात विष नव्हतं. गंमत होती ती. मामांनी हळूहळू काही सांगायचंच सोडलं. नुसती रेकॉर्ड लावत, आणि नुसती रेकॉर्ड तर कोणाच्याही घरी लागते. पुढच्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा वकील येत नव्हते, मास्तर अधूनमधून येत. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात रविवार हा इतर वारांसारखा एक वार होता, आणि कूलर बंद होत नव्हता.

मला त्यांनी नंतर कधीही कव्हर वाचायला दिलं नाही. रागावले नाहीत, विचारलं नाही. आंबे आणत, केसांवरून हात फिरवत. विचारलं ते मामीनं. वकिलांनी कव्हर वाचलं त्याच दिवशी, स्वयंपाकघरात, पोळी तव्यावर टाकता टाकता, माझ्याकडे पाठ करून. “ते तूच सांगतलं होतं ना वं त्यायले?” मी म्हणाले, “नाही.” मी इतकी कमी बोलणारी, की माझा एकेक शब्द लोकांना आठवत असे. मामी पोळी उलटत म्हणाली, “बरं.” मामा पलीकडच्या खोलीत होते. मधल्या दाराला पडदाच होता फक्त.

त्या ‘नाही’चं काहीतरी करायचं, असं मी दर उन्हाळ्यात ठरवत असे. मग कॉलेज आलं, नोकरी आली, फोनवर ‘बरे आहात ना’ आलं. मामा गेले तेव्हा मी अकोल्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. महिन्याभरानं पुण्याच्या मामेभावानं घरच्या ग्रुपवर लिहिलं, की बाबांच्या रेकॉर्डी कोणाला हव्या असतील तर सांगा, नाहीतर देऊन टाकतो, खोली रिकामी करायची आहे. ‘मला हव्यात’ एवढे दोन शब्द मी लिहिले. कशाला हव्यात, असं कोणी विचारलं तर? मी ते पुसले. पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले. चौथ्या दिवशी त्यानं लिहिलं, ‘दिल्या.’ खाली अंगठे आले. एक माझाही होता.

तेव्हापासून मी त्या शोधते आहे. लोकांना वाटतं मी गाणी जमवते. मी पाकिटांचे कोपरे तपासते, तिथे फुली आहे का ते. मामांनी मला चुकलेली समजून सोडून दिलं होतं, इंग्रजी न कळलेली एक लहान पोर म्हणून, की मी मुद्दाम रचलं होतं हे त्यांना कळलं होतं, ते मला जाणून घ्यायचं होतं. एकतीस पाकिटांवर, अचलपूरचं पुसलेलं अर्धं सोडलं तर, माझ्या गोष्टी जशाच्या तशा होत्या. तोतरा गायक, जळलेलं घर, सात वर्षांची बाई. कोपरे कोरे. मी दर वेळी सुटकेचा श्वास टाकत असे आणि तो माझ्या बाजूनं मोजत असे.

या तीनमधल्या पहिल्या दोघींचे कोपरेही कोरे निघाले. तिसरी सारंगीची आहे.

पाकीट पिवळं पडलं आहे. वर मेलेली मुलगी आणि हुंदका, तीन ओळींत. उजव्या कोपऱ्यात फुली. घाईनं मारलेली नाही, जिनिंगमध्ये मारायचे तशी, लहान आणि नेमकी. तिच्या खाली शब्दांची यादी. कव्हरवरचा एकेक इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवलेला आणि समोर शब्दकोशातून काढलेला अर्थ. लाकूड. पोकळ. कातडे. ताणलेले. कुठे दोन अर्थ लिहून एक खोडलेला. म्हणजे त्यांनी नंतर कोणालाच विचारलं नव्हतं. एकटे बसून, शब्द शब्द करत, ते वाचत होते. यादी कव्हरवरच्या मजकुराच्या चौथ्या ओळीपाशी थांबते.

मी कव्हर उलटं केलं आणि पाचवी ओळ वाचली. त्यात या वाद्याच्या मुख्य तारा धातूच्या नसतात, असं आहे. बकऱ्याच्या आतड्याचे धागे काढून, ते पीळ देऊन, ओढून, कुठे तुटतात ते हातानं पाहून तार निवडतात, असं आहे. म्हणजे तात. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते तीच. ज्या माणसानं जन्मभर चिमटीत धागा ओढून पाहिला, त्याच्यासाठी जणू मुद्दाम छापलेली ओळ. ती ऐकून तो जागचा उठला असता, मास्तरांना दोन रविवार पुरेल एवढं बोलला असता, आणि कव्हर कोणीही कितीही वेळा उलटं केलं असतं तरी चाललं असतं. त्या ओळीत मला अकराव्या वर्षी येत नव्हते असे शब्द फार तर दोन आहेत.

मी कूलर बंद केला आणि रेकॉर्ड लावली. दुसऱ्या बाजूच्या शेवटाकडे तो आवाज आला. गज फिरवताना बाही कुठेतरी घासली असेल. मानेवरून घाम उतरत होता. रेकॉर्ड संपल्यावर मी पेन्सिल घेतली आणि त्यांच्या यादीखाली पाचवी ओळ मराठीत लिहिली. माझं अक्षर त्यांच्या अक्षराशेजारी शाळकरी दिसतं.

अजून साठ-सत्तर रेकॉर्डी बाहेर कुठेतरी आहेत. दुकानदार म्हणाला, पुढच्या महिन्यात चक्कर मारा. मी जाईन. पण कोऱ्या कोपऱ्यांचा मी इतकी वर्षं जो अर्थ लावत आले तो आता लागत नाही. तिथे त्यांनी मला माफ केलं होतं असं नाही. शब्दकोश घेऊन तिथवर ते पोचलेच नव्हते.