डावा तळहात

माझी धाकटी बहीण बावन्न वर्षांची आहे आणि लक्षात ठेवणं हेच तिचं काम आहे. मालिकेचं चित्रीकरण गोष्टीच्या क्रमाने होत नाही. माणूस दार उघडतो ते सोमवारी, आणि त्याच दारातून बाहेर पाऊल टाकतो ते महिन्याभराने. दोन्ही वेळा बाही तेवढीच दुमडलेली हवी, सिगारेट तेवढीच जळलेली हवी. हे ती बघते. सेटवर तिला ‘चित्रगुप्त’ म्हणतात, कारण प्रत्येकाचं सगळं तिच्या वहीत असतं.

त्याआधी सतरा वर्षं ती एका लॉन्ड्रीच्या काउंटरवर होती. स्टुडिओत कपडे पोचवायला गेली असता, “काल या कोटाच्या कोपराला डाग होता, आज तो गेला कुठे?” असं सहज बोलून गेली. त्या एका वाक्यावर तिला नोकरी लागली. काम शिकवलं ते म्हाताऱ्या मेकअपमननी. ती त्यांना भाऊ म्हणते.

गेल्या वर्षी एका गुन्हेगारी मालिकेचा पहिला सीझन सुरू झाला. दहा भाग. पहिल्या भागात खुनी एका सलूनमध्ये शिरतो आणि कापलेला तळहात नळाखाली धरतो. दहाव्यात त्याच तळहाताच्या व्रणावरून इन्स्पेक्टरबाई त्याला ओळखतात. म्हणजे सगळा डोलारा एका हातावर उभा.

सलूनचा प्रसंग सगळ्यात आधी झाला. पुढे पाच आठवड्यांत सहा प्रसंग झाले. दर वेळी भाऊ ब्रश हातात घेऊन विचारत, “चित्रगुप्त, कुठला हात?”

“डावा.”

“तुझी वही असताना मी कशाला डोकं शिणवू!” असं म्हणून ते डाव्या तळहातावर जखम रंगवत.

पहिला भाग वाहिनीच्या लोकांना दाखवायचा होता, त्या दिवशी सकाळी दिग्दर्शक तरातरा सेटवर आला. सलूनमध्ये नळाखालचा हात उजवा होता. बाकी सगळीकडे डावा.

“जखम कोण काढतं?” त्याने विचारलं.

“मी,” भाऊ म्हणाले. “पण वहीत असेल तिथेच काढतो.”

“पहिल्या दिवशी वही कोरी होती. तेव्हा तुम्ही काढली तशी यांनी लिहिली.” तो बहिणीकडे वळला. “बाई, काय लिहिलंय?”

तिने पान उघडलं. सलून, डावा तळहात. शेजारी फोटो चिकटवलेला होता, त्यातही हात डावाच दिसत होता.

“म्हणजे लांबून घेतलेला शॉट डाव्या हातावर झाला आणि जवळून घ्यायच्या वेळी तुम्ही उजवा रंगवलात!”

“नाही हो सर. त्या दिवशी एकदाच रंगवला होता.”

“फोटो खोटं बोलतो का? वय झालं भाऊ तुमचं. संध्याकाळी पेटी आवरा.”

भाऊंनी बहिणीकडे पाहिलं. जवळचा शॉट घेतला तेव्हा ती तिथे नव्हती. त्यात नुसता हात दिसणार आणि तपशील तर लिहून झालेला, म्हणून तिला पुढच्या प्रसंगाचे शर्ट लावायला पाठवलं होतं. तिनेही त्यांच्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच तिने तो फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला. नटाच्या शर्टाचा खिसा उजवीकडे होता. सतरा वर्षांत तिने उजवीकडे खिसा असलेला पुरुषांचा शर्ट पाहिला नव्हता. मग मागच्या कॅलेंडरवरचे आकडे पाहिले. सगळे उलटे.

त्या दिवशी कॅमेरा सलूनच्या आरशावर रोखलेला होता. ती मॉनिटरसमोर बसली होती, आणि पडदाभर फक्त आरसाच असल्यामुळे आरसा आहे हे तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मॉनिटरचाच फोटो काढला, त्यावरूनच लिहिलं. भाऊंनी हात एकदाच रंगवला होता, आणि तो उजवाच होता.

तिने मला फोन केला. सगळं सांगितलं.

मी विचारलं, “कागदोपत्री काय आहे?”

“डावा.”

“दिग्दर्शकाने ते मान्य केलंय ना? मग तू कशाला हात दाखवून अवलक्षण करतेस?”

“दादा, भाऊंची नोकरी जातेय.”

“आणि तुझी गेली तर? या वयात कोण विचारणार आहे तुला?”

तिने फोन ठेवला. माझा सल्ला व्यवहाराला धरून होता. त्याची लाज मला दुसऱ्या दिवशी वाटली, तेव्हा नाही.

दिग्दर्शकाच्या खोलीत वाहिनीचे दोघे येऊन बसले होते. ती दाराशी उभी राहिली, परत फिरली, पाणी प्यायली आणि पुन्हा गेली. या वेळी दार ढकलून आत शिरली. मोबाइल टेबलावर ठेवला.

“सर, हा आरसा आहे. चूक माझी आहे, भाऊंची नाही.”

दिग्दर्शकाने कॅलेंडर पाहिलं. मग वाहिनीच्या माणसांना म्हणाला, “आरशात चेहऱ्यापुरताच शॉट ठेवू. हात आत्ता परत घेऊ, डावा.” आणि तिच्याकडे न बघता, “बाई, हा सीझन तेवढा पुरा करा. दुसऱ्या सीझनला आम्ही दुसरं कोणीतरी बघतो.”

अर्ध्या तासात नळ आणि बेसिन लागलं. दिवे लागले. भाऊंनी पेटी उघडली.

“सकाळी माझ्याकडे बघून गप्प बसलीस,” ते खालच्या आवाजात म्हणाले.

“तेव्हा मला ठाऊक नव्हतं, भाऊ.”

“आणि ठाऊक झाल्यावर?”

ती म्हणते, की खोटं बोलणं सोपं होतं. पण ती म्हणाली, “चाळीस मिनिटं.”

भाऊंनी लाल रंगात ब्रश बुडवला. सगळे थांबले होते. ती वही उघडून पुढे झाली, पण त्यांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. नटाला म्हणाले, “साहेब, तुमचा डावा हात वर करून दाखवा बघू.”