शरयूबेनांचे लाल गोल

शनिवार, दहा जानेवारी. सकाळी उपाशीपोटी सोनोग्राफी केली. तीन वाजता रिपोर्ट मिळाला. इथल्या आमली भागातल्या बाजारातून नवीन कॅलेंडर घेऊन घरी आलो आणि लिहायला बसलो. डॉ. शरयू टेंबेकर यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथात एखाद्या रुग्णानेही लिहावे असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. मी कारखान्यात स्टोअर सांभाळतो, लिहिण्याची सवय नाही.

सिल्वासात सगळे त्यांना शरयूबेन म्हणतात. माझे थोरले बंधू रमेशदादा यांना घेऊन मी प्रथम त्यांच्याकडे गेलो. आम्ही दोघेही चोपड्याकडून इथे धाग्याच्या कारखान्यात आलेले. दादांचे डोळे त्या आठवड्यात पिवळे झाले होते. फार पूर्वी कारखान्यातल्या रक्तदान शिबिरानंतर त्यांना चिठ्ठी आली होती : रक्तात हिपॅटायटीस-बी आहे, डॉक्टरांना दाखवा. नोकरी जाईल या भीतीने दादांनी ती पत्र्याच्या पेटीत ठेवून दिली.

"इतकी वर्षं काहीच केलं नाहीत?" बेनांनी विचारले.

"केलं ना. रोज सकाळी आरशात डोळे बघायचो. पांढरेच असायचे. म्हटलं, कावीळ नाही, मग घोर कशाला?"

बेन रागावल्या नाहीत. पेन खाली ठेवून त्यांनी दादांचा हात धरला. हा विषाणू डोळे पिवळे न करताही यकृतात वर्षानुवर्षे राहतो आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळले. दादांच्या यकृतातली कर्करोगाची गाठ तोवर मोठी झाली होती. चार महिन्यांत ते गेले.

तेराव्याला बेन आमच्या खोलीवर आल्या. चटईवर बसून वहिनींशी बोलल्या, मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही दोघं एकाच आईचे ना? बाळंतपणात हा आजार आईकडून मुलाला येऊ शकतो. तुमचंही रक्त तपासायला हवं." मी हे इतके दिवस टाळत होतो. त्यांनी पर्समधून सुई काढली.

"ओ बाई, दुःखाच्या घरात सुया कसल्या टोचता?" माझी मावशी कडाडली.

"यांच्या आईच्या बहीण ना तुम्ही? मग पुढचा नंबर तुमचा."

मावशी पदर सावरत थेट बाहेर जाऊन बसली. वहिनींना हसू आले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसले.

माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आता दादांच्या मागोमाग मीच, असे वाटले. बेन म्हणाल्या, "तुम्ही वेळेत आलात. रोज एक गोळी आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. आरशावर भरवसा ठेवायचा नाही. घरचं कॅलेंडर घेऊन या." मी नेलेल्या कॅलेंडरवर पुढच्या सोनोग्राफीच्या तारखेला त्यांनी स्वतः लाल गोल केला.

तेव्हापासून ही त्यांची पद्धतच झाली. जानेवारीत दवाखान्यात गुंडाळलेली कॅलेंडरे मांडीवर घेतलेली माणसे बसलेली असत. दुधनीच्या एका आजींनी गेल्या वर्षीचेच आणले. "चित्र चांगलंय, म्हणून बदललं नाही," म्हणाल्या. बेनांनी भिंतीवरचे आपले कॅलेंडर काढून त्यांना दिले.

किलवणीकडच्या एका कारखान्यात असा आजार असलेल्या कामगाराला कॅन्टीनमध्ये वेगळे बसवत. बेन तिथे गेल्या आणि सगळ्यांसमोर त्याच्या डब्यातली भाकरी मोडून जेवल्या. एका ताटात जेवून हा आजार होत नाही, एवढेच त्या बोलल्या. दुसऱ्या दिवसापासून तो सगळ्यांत बसू लागला.

माझी पत्नी आणि मुलगी यांना बेनांनी तेव्हाच तपासून लस दिली. गेल्या महिन्यात मुलीला मुलगी झाली. तिला जन्मल्या दिवशीच पहिली लस मिळाली. मी फोन केला तेव्हा बेन म्हणाल्या, "तुमच्या घरात हा आजार तुमच्यापाशीच थांबला."

दिवाळीपासून त्यांनी रुग्ण पाहणे थांबवले आहे. शेवटच्या भेटीत म्हणाल्या, "आता गोल तुम्हीच करायचा."

बेन, तुम्ही आम्हाला दर खेपेला पुढचे सहा महिने दिलेत. तुम्हाला पुढची कितीतरी वर्षे निरोगी आणि हसतीखेळती मिळोत.

आजच्या रिपोर्टमध्ये गाठ नाही. पत्नी लेकीकडे गेली आहे. मी नवीन कॅलेंडर उलगडले, जुलैच्या दहा तारखेला लाल गोल केला आणि ते खिळ्याला अडकवले.