चौथ्या चाकाची रेघ

त्यांचं खरं नाव गिऱ्हाइकांनाही आठवत नसे. सगळे त्यांना रेघमिस्त्री म्हणत. एक नट आवळून झाला की खिशातून नखांना लावायच्या गडद लाल रंगाची बाटली काढायची आणि नटावरून शेजारच्या लोखंडापर्यंत बारीक रेघ ओढायची. नट सैल होऊन जरा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. आवळलं की लगेच रेघ, आणि जवळ रंग नसेल तर आवळायलाच घ्यायचं नाही, असा त्यांचा कडक नियम होता. शेजारचे गॅरेजवाले विचारत, गाडी दुरुस्त करता की तिला नटवता? मिस्त्री ते कानाआड करत.

या नियमामागे एक जुनी भीती होती. शिकाऊ असताना त्यांनी एका गाडीचे नट हाताने फिरवून ठेवले, तेवढ्यात उस्तादाने हाक मारली आणि आवळायचं राहून गेलं. चाक भर रस्त्यात निखळलं आणि गडगडत एका न्हाव्याच्या दुकानात शिरलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण वस्तरा हातात धरून भिंतीला चिकटलेला तो पांढराफटक न्हावी मिस्त्रींच्या डोक्यातून तीस वर्षं गेला नव्हता. तेव्हापासून त्यांना जॅकची भीती, उताराची भीती, गाडी हाकायची तर फारच भीती. घरातलं गॅसचं बटण ते रोज तीनदा बघून येत आणि बायको चौथ्यांदा त्यांना उगाच पाठवून मजा बघत असे.

आणि अशा माणसाचा धंदा काय, तर जुन्या एसयूव्हींना रानटी रूप द्यायचं. तेही ज्यांच्या खिशात फारसं काही नाही अशांसाठी. मोडक्या पलंगाच्या सळ्यांचा टपावरचा कॅरिअर, पाण्याच्या जाड पाइपाचा बंपर, सांडपाण्याच्या नळीला काळा रंग फासून बनवलेलं, बॉनेटच्या कडेने वर जाणारं धुराड्यासारखं नळकांडं. ते आतून कशालाच जोडलेलं नसे. आतल्या यंत्राला आणि चाकांना मात्र मिस्त्री बोट लावत नसत. बाहेरून वाघ करून देतो, आतून शेळी आहे ती शेळीच राहू दे, असं ते गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकत.

लेकीने स्वतःची गाडी आणून उभी केली तेव्हा मात्र त्यांना नाही म्हणता आलं नाही. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. आठवड्यातून तीन दिवस डोंगरातल्या गावांमधून पाण्याचे नमुने गोळा करायचे, आणि त्यासाठी तिने तिसऱ्या हाताची, रंग उडालेली एसयूव्ही घेतली होती. डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर ट्रकवाले तिला मुद्दाम कडेला दाबत. एकदा तर बाहेरचं चाक दरीच्या काठावरच्या खडीत गेलं होतं. हे तिने आईला सांगितलं नव्हतं, बाबांना सांगितलं.

"गाडी बघून समोरचा घाबरला पाहिजे, बाबा," ती म्हणाली. "म्हणजे मला घाबरावं लागणार नाही."

हे मिस्त्रींना जितकं कळलं तितकं दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. बंपर, कॅरिअर, खोटं नळकांडं सगळं झालं. तरी गाडी खांदे पाडून उभी असल्यासारखी दिसत होती. मग लेकीच्या हट्टापायी त्यांनी स्वतःचाच नियम मोडला आणि चाकांना हात घातला. चाक आणि धुरा यांच्या मध्ये बसवायच्या जाड चकत्या असतात, त्यांना स्पेसर म्हणतात. त्या घातल्या की चाकं बाहेर येतात आणि गाडी छाती काढून उभी राहते. चकती सहा नटांनी बसते आणि वरून चाक चढलं की ते नट कुणाला दिसत नाहीत. म्हणून मिस्त्रींनी पहिल्या तिन्ही चाकांचे नट दोन-दोनदा आवळले आणि रेघा ओढल्या.

चौथ्या चाकाचे, म्हणजे मागच्या डाव्या चाकाचे नट त्यांनी हाताने फिरवले, खिशातली बाटली काढली, तर ती कोरडी. नियमाप्रमाणे पाना खाली ठेवून, लेकीला गाडीपाशी सोडून ते नवी बाटली आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. वाटेत एका जुन्या गिऱ्हाइकाने गाठलं आणि आपल्या गाडीचं रडगाणं गाऊन त्यांचं डोकं पिकवलं. परत आले तेव्हा अंधारून आलं होतं आणि लेक गॅरेजला लागूनच असलेल्या घरात गेली होती. चौथ्या चकतीवर सहाच्या सहा रेघा होत्या. बाटलीच्या तळाचं खरवडून आपणच ओढल्या असणार, आणि रेघ आहे म्हणजे नट आवळलेले असणारच, असं त्यांना वाटलं. त्यांनी चाक चढवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी निघाल्या. लेकीला डोंगरापलीकडच्या गावांतून नमुने आणायचे होते आणि तिकडेच राहणाऱ्या मावशीकडे आईला सोडायचं होतं. मिस्त्रींनी नेहमीच्या सूचना केल्या, बायकोने नेहमीसारखं नाक मुरडलं आणि गाडी गेली.

तासाभराने मिस्त्रींनी एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा नट आवळला आणि रेघ ओढायला कालची नवी बाटली काढली. तिच्या झाकणावरचा प्लॅस्टिकचा कागद जसाच्या तसा होता. ते त्या कागदाकडे बघत राहिले. जुनी बाटली तिसऱ्या चाकावर संपली. नवी तर उघडलीच नाही. मग चौथ्या चाकाच्या रेघा आल्या कुठून?

 रेघा लेकीने ओढल्या. तिच्या पर्समध्ये स्वतःची बाटली असते. बाबांचं तेवढंच राहिलंय म्हणून हौसेने ओढल्या असतील. आणि नट होते हाताने फिरवलेले.

त्यांनी लेकीला फोन लावला. बंद. गाडी चालवताना फोन बंद ठेवायचा, हा नियमही त्यांचाच. मग बायकोला लावला, तर तो भिंतीपलीकडे स्वयंपाकघरातच वाजू लागला. 

गॅरेजमध्ये चालू स्थितीत एकच गाडी होती, एका गिऱ्हाइकाची, रंगासाठी उघडी केलेली. बॉनेट नाही, दारं नाहीत, बसायला एकच सीट. मिस्त्रींनी पाना, जॅक आणि बाटली टाकली आणि पळवलीच ती गाडी. ज्या माणसाने आयुष्यात रिकाम्या रस्त्यावरही तिसऱ्या गिअरच्या पुढे मजल मारली नव्हती, तो डोंगराच्या वळणावर हॉर्न वाजवत ट्रकच्या पुढे जाऊ लागला. आपण मरू ही भीती त्यांना त्या दिवशी वाटलीच नाही, त्या भीतीला जागाच नव्हती. प्रत्येक वळणावर ते आधी रस्ता बघत आणि मग दरी. एका वळणावर माणसांचा घोळका कठड्यावरून खाली वाकलेला दिसला. मिस्त्री गाडी तशीच सोडून कठड्याकडे धावले. कुणाची तरी सतरंजी कॅरिअरवरून उडून झाडाला अडकली होती. ते पुन्हा गाडीत बसून निघाले.

चढ संपतो तिथे मोकळी जागा आहे. तिथे ती काळी, छाती काढलेली गाडी उभी होती. चारही चाकांवर. बायको कंबरेवर हात ठेवून उभी होती आणि लेक मागच्या डाव्या चाकाशी वाकली होती. मिस्त्रींनी गाडी थांबवली आणि बसल्या जागेवरून चाकं पुन्हा मोजली. 

बायको जवळ आली. मागून टकटक येत होती, ती सांगू लागली. लेक म्हणत होती, टपावरचा रिकामा कॅन वाजतोय. आपण ऐकलं नाही, थांबवलीच गाडी. तीस वर्षं या माणसाबरोबर काढली, टकटक कशाला म्हणतात ते कळतं एवढं. मग नवऱ्याचा चेहरा नीट बघून तिनेच त्याच्या गाडीतला जॅक उचलला.

मिस्त्रींनी चाक उतरवलं. सहांतले दोन नट निघून आतल्या खोबणीत पडले होते. उरलेले चार बोटाने फिरत होते. एका नटावर फिकट गुलाबी रेघेचा तुकडा होता आणि त्याचा दुसरा तुकडा भलत्याच जागी, चकतीवर. लेकीने ते दोन तुकडे पाहिले. ती रेघ कशासाठी असते ते तिला लहानपणापासून माहीत होतं, पण कळलं तेव्हा.

"रेघा मी ओढल्या, बाबा," ती म्हणाली. 

"माहीत आहे. पण चाक मी चढवलं," मिस्त्री म्हणाले. "रेघ बघितली आणि पाना लावला नाही. शिकाऊ होतो तेव्हा विसरलो होतो. काल तर डोळ्यांसमोर असून केलं."

ज्या रेघेने आपल्याला सावध ठेवायचं, तिच्याच भरवशावर आपण निर्धास्त झालो, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. त्यांनी चारही चकत्या काढल्या.  चाकं पुन्हा आत गेली आणि तो भलामोठा बंपर घेऊन गाडी थोरल्या भावाचा कोट घातल्यासारखी दिसू लागली. मिस्त्रींनी चोवीस नट आवळले आणि बाटली उघडली, पण रेघ स्वतः ओढली नाही. त्यांनी बाटली लेकीपुढे धरली.

तिने बाटली घेतली नाही. आधी पाना घेतला. एकेका नटाला लावून, पायाने दाबून बघितला, चारही चाकांचा. मग रेघा ओढल्या. मग पुन्हा पहिल्या चाकापाशी आली आणि पुन्हा पाना लावला.

"आतापर्यंत घरात एकच भित्रा होता," बायको म्हणाली. "आता दोघांना सांभाळायचं."

तीस वर्षं बायकोच्या चेष्टेला हसत आलेले मिस्त्री, त्या दिवशी मात्र गाडीच्या मागे जाऊन रडले.